दहा मिनिटांचं सुंबरान

अर्जाच्या शेवटच्या पानावर एक ओळ होती : ‘नमुना सादरीकरण, दहा मिनिटे.’ त्याआधीची अकरा पानं मी तीन आठवडे घासत बसले होते. उद्दिष्टं, वेळापत्रक, अंदाजपत्रक, समूहाचा सहभाग, कलाकाराची भूमिका. ही ओळ मात्र वाचली आणि पुढे गेले. करून दाखवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. पंचवीस वर्षं मी सोलापुरात नाटकं बसवते, आठवड्यातून दोन दिवस कॉलेजात तेच शिकवते. दहा मिनिटं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असा तोरा होता.

संस्था पुण्याची. एखादा गावचा समूह आणि व्यावसायिक कलाकार यांनी मिळून काही उभं करायचं असेल तर ती वर्षभराचा खर्च देते. मी दोनदा अर्ज केला होता आणि दोनदा नकार आला होता. पहिल्या वेळी त्यांना समूह कमी वाटला, दुसऱ्या वेळी कलाकार. एका अर्जदाराला तीनच संधी, असा नियम. ही तिसरी होती. आणि या वेळी माझ्याकडे आबा होते.

आबा म्हणजे सांगोल्याकडच्या एका वस्तीवरचे म्हातारे धनगर. एका जत्रेत मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. सकाळी ते कानावर हात ठेवून बसले आणि ऊन डोक्यावर येऊन कललं तरी देवाच्या जन्माची कथा संपली नव्हती. थोडं गायचं, थोडं सांगायचं, पुन्हा गायचं. मागे ढोल, मधूनच पंधरा जणांचा गजीनाच. माझ्या पायाला मुंग्या आल्या, पण उठवेना. ती अख्खी कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत त्या वस्तीवर आता फक्त आबांना येत होती. बाकीच्यांना नाच येत होता आणि पाठीमागे धरायच्या ओळी येत होत्या. माझे चार नट आणि आबांची माणसं यांनी वर्षभर एकत्र बसायचं, माझ्या नटांनी आबांकडून ते सांगणं शिकायचं आणि त्यातून एक नाटक उभं करायचं, एवढंच माझ्या अकरा पानांचं सार होतं. पैसे लागणार होते ते मुख्यतः एकाच कामासाठी. ही माणसं तालमीला आली तर मेंढरांमागे दुसरं कुणीतरी जायला हवं, आणि ते फुकट जात नाही.

अर्ज पहिल्या चाळणीतून पार झाला आणि नमुन्याचा दिवस कळला. मी वस्तीवर गेले. आबा ओट्यावर बसले होते, शेजारी त्यांचा पुतण्या. चाळिशीचा गडी, ढोल तोच वाजवायचा आणि टेम्पोही तोच चालवायचा.

“नमुना म्हंजी?” आबांनी विचारलं.

“म्हणजे थोडंसं करून दाखवायचं. पसंत पडलं तर ते पैसे देतील.”

“कापडाचा बघत्यात तसा?”

“तसाच.”

“देवाचा नमुना,” आबा म्हणाले आणि पुतण्याकडे बघून हसले. “आपल्या वस्तीवर नमुनं लई हायत की. त्यातला येक ह्यो.”

पुतण्याही हसला. मीही हसले, आणि घाईने मुद्द्यावर आले. “आबा, दहा मिनिटांत मांडायचंय. मांडून होईल ना?”

आबांनी जरा विचार केला. बोटांवर काहीतरी मोजलं. “व्हय. दहा मिंटात मांडून होतंय.”

इथेच घोटाळा झाला. आम्ही नाटकवाले आणि अर्ज लिहिणारे लोक ‘मांडणं’ हा शब्द उठल्यासुटल्या वापरतो. विषय मांडतो, भूमिका मांडतो, प्रयोग मांडतो. मांडलं म्हणजे दाखवून झालं. आबांच्याकडे मांडतात ते सुंबरान. कथेच्या आधी धरतरीपासून सगळ्या देवांची नावं घेऊन एकेकाला बोलावून बसवायचं, याला सुंबरान मांडणं म्हणतात. मांडून झालं की मग कुठे कथा सुरू होते. मला हा शब्द माहीत नव्हता असं नाही. अर्जात मी तो दोनदा वापरला होता, खाली तळटीपही दिली होती. तरी आबा बोलले तेव्हा मला माझाच शब्द ऐकू आला.

शिवाय आबांनी बजावलंही होतं. “पन येकदा मांडलं म्हंजी शेवटाला न्यावं लागतंय बरं का बाई. बोलावलेल्या देवाला मधीच सोडून उठता येत न्हाय.” मी ‘हो हो’ म्हणाले आणि सह्यांचा कागद पुढे केला.

सादरीकरणाच्या दिवशी सकाळी साडेनऊला मी सोलापुरातल्याच एका सभागृहाच्या दारात उभी होते. आमची वेळ साडेदहाची. एकूण सहा गट होते. दहा वाजले, सव्वादहा झाले, टेम्पोचा पत्ता नाही. फोन लावला.

“कुठे आहात?”

“नव्या पेठंत, ताई. फोनचा नकाशा हितं घिऊन आला.”

“नव्या पेठेत कुठे?”

“साड्याच्या दुकानापाशी.”

“अरे, नव्या पेठेत सगळी साड्यांचीच दुकानं आहेत!” मी इतक्या जोरात ओरडले की दारातला शिपाई मागे सरकला.

लग्नसराईचे दिवस. त्या गर्दीत रिक्षा शिरत नाही, तिथे यांनी पंधरा माणसं, एक ढोल आणि टेम्पो घातला होता. पुढे जाता येईना, मागे घेता येईना. इकडे आमचं नाव पुकारलं. मी आत जाऊन हात जोडले. परीक्षक तिघे होते. मधोमध संस्थेच्या मॅडम, एका बाजूला एक दाढीवाले अभ्यासक आणि दुसऱ्या बाजूला एक गृहस्थ, ज्यांच्यासमोर मोबाइल उभा करून ठेवलेला होता. त्यावर आकडे पळत होते. हे घड्याळवाले गृहस्थ म्हणाले, “तुम्हाला शेवटी घेतो. पण दहा मिनिटं म्हणजे दहा. एक मिनिट वर नाही.”

टेम्पो आला तेव्हा बारा वाजून गेले होते. माणसं घामाने निथळत होती, पण फेटे जागच्या जागी. मी कुणाला नीट बसू दिलं नाही. पाणीसुद्धा उभ्या उभ्या प्यायला लावलं. तेवढ्यात शिपाई आडवा आला. आबांच्या हातात भंडाऱ्याची पिशवी होती आणि हॉलच्या फरशीवर हळद सांडलेली चालणार नव्हती. आबांनी वाद घातला नाही. खांद्यावरचं घोंगडं काढून रंगमंचावर अंथरलं आणि त्याच्यावर ढोल ठेवला. मी पुन्हा आबांच्या कानाशी लागले. “दहा मिनिटं, आबा. विसरू नका.” “व्हय की,” ते म्हणाले. “मांडून होतंय.”

मी विंगेत उभी राहिले. मनाशी हिशेब पक्का होता : दोन मिनिटं आबा, आठ मिनिटं नाच. घरी मोबाइलवर मी त्यांच्या गाण्याचा तसा तुकडा कापून अर्जाला जोडलाही होता. मोबाइलवर काय, बोट दाबलं की गाणं तुटतं.

आबांनी ढोलावर भंडारा टाकला, कानावर हात ठेवला आणि धरतरीचं नाव घेतलं. मग आभाळाचं. मग एकेका दिशेचं, एकेका गावच्या देवाचं. प्रत्येक नावाला मागचे पंधरा जण सूर धरत. आवाज एवढा खणखणीत की सभागृहातले पंखे उगाच फिरत आहेत असं वाटलं. दोन मिनिटं झाली. चार झाली. नाचणारे रुमाल हातात घेऊन तसेच उभे, कुणाचा पाय हलेना. सहाव्या मिनिटाला आबा सोलापुरात पोचले. इथल्या देवाला बोलावून बसवलं. सातव्या मिनिटाला कर्नाटकाच्या सीमेवरचे देव यायला लागले आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे सुंबरानच आहे. दहा मिनिटांत हेच फक्त मांडून होणार आहे.

दाढीवाल्यांनी चष्मा काढून पुसला. घड्याळवाल्यांनी मोबाइल थोडा आमच्याकडे वळवला. मॅडम खाली मान घालून काही लिहीत होत्या. मला वाटलं, आमच्या नावापुढे फुली मारतायत. तिसरी संधी, पुढे चौथी नाही. मेंढरांमागे कुणी जाणार नाही, वर्ष मिळणार नाही, आबांची कथा आबांच्याजवळच राहणार. आठ मिनिटं दहा सेकंद.

मी विंगेतून एक पाऊल पुढे आले आणि हात वर केला. तळहात सरळ, बोटं जुळलेली. तालमीत मी नटांना असंच थांबवते.

पुतण्याला माझा हात आधी दिसला. त्याचा ढोल थांबला. पंधरा जणांचा सूर खाली पडला. आबांचे डोळे मिटलेले होते, त्यामुळे ते एकटेच एक ओळ पुढे गेले. मग मागे काही नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी डोळे उघडून आधी पुतण्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. मी त्याच हाताने नाचणाऱ्यांना खूण केली. चला.

ते नाचले. क्षणभर गोंधळले, पण ढोल सुरू झाल्यावर पाय कुणाचं ऐकत नाहीत. दीड मिनिटात त्यांनी त्या फरशीवर असं काही रिंगण धरलं की परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. घड्याळावर नऊ मिनिटं पंचावन्न सेकंद. मला आनंदाने रडू आलं. आबा घोंगड्यावर तसेच बसून होते, कानावरचा हात खाली घ्यायचं विसरून गेल्यासारखे.

लगेच मला प्रश्नोत्तरांसाठी आत बोलावलं. समूहाशी नातं कसं जुळलं, निर्णय कोण घेतं, असे प्रश्न. मी फर्डं बोलले. निर्णय आम्ही मिळून घेतो, असंही बोलले. पाऊण तासाने बाहेर आले तर टेम्पो नव्हता. मी सगळ्यांसाठी भाकरी, शेंगाचटणी आणि ताक सांगून ठेवलं होतं, ते तसंच होतं. मला रागच आला. निदान सांगून तरी जायचं! फोन लावला, कुणी उचलला नाही. सोळा जणांचं जेवण बघत मी पायरीवर बसले आणि आपण काय केलं हे तेव्हाही मला कळलं नाही. कळलं नाही असं म्हणणं सोयीचं आहे. थोडं कळलं होतं, पण निकाल लागेपर्यंत तिकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं.

महिन्याने पत्र आलं. अर्ज मंजूर. ‘समूह आणि कलाकार यांच्यातील समन्वय विशेष उल्लेखनीय,’ असं त्यात लिहिलं होतं. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात मी ते मोठ्याने वाचून दाखवलं, पेढे आणले. समूहप्रमुखाची सही घेऊन आठ दिवसांत करार पाठवायचा होता. मी दुसऱ्याच दिवशी वस्तीवर गेले, उरलेले पेढे घेऊन.

आबा वाघरात, जाळीच्या कुंपणात, मेंढरं कातरत होते. हातातलं मेंढरू सोडल्याशिवाय ते उठले नाहीत. मग हात धुऊन ओट्यावर आले, मला पाणी दिलं, चहा सांगितला. पेढा घेतला, कपाळाला लावला आणि खाल्ला. मी पत्र वाचून दाखवलं. ‘समन्वय’ला मी अडखळले.

“आबा, त्या दिवशी तुम्ही न जेवता गेलात,” मी म्हणाले.

उत्तर पुतण्याने दिलं. “जेवायचं कसं, ताई? मांडलेलं मधीच थांबलं व्हतं. तसंच घिऊन घरला जाता येतंय व्हय? मंगळवेड्याच्या रस्त्याला येक बंद पडल्याला ढाबा हाय. त्येच्या पत्र्याखाली बसलो. आबांनी पयल्यापासनं परत मांडलं आनि समदं गायलं. दीस बुडंस्तवर.”

“सगळं? अख्खी कथा?”

“समदी. उपाशीपोटी. येक-दोन ट्रकवाले थांबून ऐकत बसले व्हते.”

माझा चेहरा पडला असणार. जी कथा ऐकायला मी वर्षभराचा पैसा मागत होते, ती त्या दिवशी, माझ्या शहरापासून तासाभराच्या अंतरावर, दोन ट्रकवाल्यांनी ऐकली होती. “मला का नाही बोलावलंत?” मी विचारलं. हा प्रश्न विचारताना मला लाज वाटायला हवी होती, पण मी चक्क चिडून विचारला.

“तुमी आत व्हता की,” पुतण्या म्हणाला.

आबांनी करार हातात घेतला. सही कुठे करायची ते विचारलं. मी बोट दाखवलं. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर वळवत सही केली. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच म्हणाले, “शबूद दिलाय, यीन. पोरंबी येतील. नाचत्याल. पन सुंबरान न्हाय मांडायचो.”

“म्हणजे?”

“पुढाऱ्याच्या मिरवणुकीत नाचत्यात तसं नाचत्याल. तितं सुंबरान लागत न्हाय.”

मी हात टेकले नाहीत, उलट भांडले. “आबा, हा सगळा खटाटोप त्याच्यासाठीच आहे! नाच मला कुठेही मिळाला असता. माझ्या पोरांना तुमच्याकडून कथा शिकायचीय.” माझा आवाज चढला. वाघरातली मेंढरं वळून बघायला लागली.

“मंग त्या दिशी थांबवायचं नव्हतं,” आबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी तो उतरवला असता, नटांचे रुसवे काढण्यात माझी हयात गेली आहे. त्यांनी फक्त सांगितलं, आज मेंढरं कुठल्या रानात आहेत हे सांगावं तसं.

शब्दाला ते जागले. वर्षभर आले. पंधरा जण आले, वेळेवर आले, माझे चार नट गजीनाच शिकले आणि त्यांचे पाय सोलून निघाले. आबा प्रत्येक तालमीला येऊन भिंतीशी बसायचे. कुणाचं पाऊल चुकलं तर काठीने दाखवायचे. चहा प्यायचे, थट्टा करायचे, माझ्या एका नटाला त्यांनी ‘बगळा’ असं नाव ठेवलं होतं. कथा सोडून काहीही विचारा, सांगायचे. मी तीन वेळा विषय काढला. तीनही वेळा त्यांनी शांतपणे फेटा सारखा केला आणि पुतण्याला टेम्पो काढायला सांगितला. शेवटी मी कथेच्या जागी माझं लेखन घातलं. बरं होतं. नुसतं बरं.

प्रयोग त्याच सभागृहात झाला. हॉल भरला होता, लोक उभे राहून बघत होते. आबांचं नाव कार्यक्रमपत्रिकेत ‘मार्गदर्शक’ म्हणून छापलं होतं आणि ते पहिल्या रांगेत कडेला बसले होते. टाळ्या थांबेनात. वर्षभराच्या दगदगीचं चीज झालं, असं माझ्या पाठीवर थाप मारून चार जणांनी सांगितलं. मी सगळ्यांना ‘थँक्यू’ म्हणत होते आणि पहिल्या रांगेच्या कडेला बघायचं टाळत होते.

गर्दी पांगल्यावर पुण्याच्या मॅडम आल्या. आबा आणि पुतण्या माझ्या शेजारीच होते. मॅडमनी आबांना नमस्कार केला आणि मग माझ्याकडे वळून त्या इंग्रजीत बोलू लागल्या. नाटक सुंदर झालं, म्हणाल्या. पण निवडीच्या दिवशी हे ज्या तऱ्हेने देवांना बोलावत होते ते त्या विसरू शकल्या नव्हत्या. ती सगळी नावं त्यांनी भराभर लिहून घेतली होती. ते नाटकात का नाही?

“त्या दिवशी मी त्यांना मध्येच थांबवलं,” मीही इंग्रजीतच म्हणाले. “तुमच्या दहा मिनिटांसाठी. नंतर ते गायले नाहीत.”

मॅडमना खरंच आश्चर्य वाटलं. “पण तुमचा तर शेवटचा गट होता. तुमच्यानंतर कुणी नव्हतं,” त्या म्हणाल्या. “आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो असतो. तुम्ही नुसतं विचारायचं होतं.”

मला आधी त्यांचाच राग आला. मग मी शेजारच्या खुर्चीचा हात धरला. दुसऱ्या कुणी त्यांना बोलावलं आणि मॅडम हसून तिकडे गेल्या.

त्या इंग्रजीत बोलल्या होत्या. त्यातलं आबांना काही कळलं नव्हतं. पण त्या आपल्याबद्दल बोलत होत्या, हे त्यांनी ओळखलं होतं.

“काय म्हनत व्हत्या?” आबांनी विचारलं.

पुतण्याही माझ्या तोंडाकडे बघत होता.

“काही नाही, आबा,” मी म्हणाले. “नाच फार आवडला म्हणाल्या.”

“बरं झालं,” आबा म्हणाले.